मधला माणूस काढा

आमच्या शेजारचे सिद्रामप्पा लग्नाच्या जेवणात वाढप्याकडून वाढून घेत नाहीत. ताट उचलतात आणि थेट मांडवामागं आचाऱ्याकडं जातात. मधे वाढपी आला की रस्सा पातळ होतो, असं त्यांचं म्हणणं. एका लग्नात नवरीच्या मामांनी त्यांनाच आचारी समजून भाजीत मीठ कमी असल्याचं सुनावलं. अप्पांनी ते मनावर घेतलं आणि हंड्यात ओंजळभर मीठ टाकलं. त्या जेवणाचा विषय आमच्या गल्लीत अजून निघतो.

"मधला मानूस काढा बाई, समदं सुरळीत चालतंय," हा त्यांचा मंत्र. मी शाळेत शिकवायचे म्हणून अख्खी गल्ली मला बाई म्हणते. निवृत्तीनंतर निवांत बसावं म्हटलं, तर शेजार हा असा.

गंमत म्हणजे हा गृहस्थ जन्मभर स्वतःच मधला माणूस होता. बिस्किटांचा डिस्ट्रिब्युटर. कंपनीचा माल ह्यांच्या गोदामात यायचा आणि ह्यांच्या टेम्पोतून सोलापूरभर दुकानांत जायचा. मग कंपनीनं ठरवलं, दुकानदारांनी मोबाइलवर ऑर्डर द्यायची, माल थेट पोचेल. अप्पांना भिंतीवरचं एक घड्याळ देऊन नमस्कार केला. ते घड्याळ अप्पांनी मुद्दाम उलटं टांगलंय, आणि वेळ बघायची झाली की स्वतःच मान वाकडी करतात.

तेव्हापासून मधल्या माणसांची खैर नाही. वांगी घ्यायला ते मंडईत जात नाहीत, शेतकऱ्याच्या बांधावर जातात. पाव किलो वांग्यांसाठी गाडी बाहेर निघते. देवळात पुजाऱ्याला हातानं बाजूला सारतात आणि म्हणतात, "सरका की, मी बोलतो."

गाडी म्हणजे त्यांची ती जुनी, पांढरी, चौकोनी तोंडाची. माणसांशी अप्पा मराठीत बोलतात, गाडीशी कानडीत आणि भांडताना दोन्हीत. "नडी अव्वा, नडी," म्हणजे चल बाई चल, असं तिला चुचकारल्याशिवाय चावी फिरवत नाहीत. तिनं ऐकलं पाहिजे असं मात्र काही नाही. दव पडलं की ती हमखास रुसायची.

मागच्या दिवाळीत अप्पा अकलूजला निघाले होते. तिथं त्यांचा मुलगा मल्लू साखर कारखान्यात नोकरीला आहे. गाडी मोडनिंबजवळ एका हॉटेलासमोर बसली ती उठेना. मल्लू ट्रॅक्टर घेऊन आला आणि बापलेकाचं हॉटेलाच्या दारातच वाजलं. "विका हे भंगार," मल्लू म्हणाला. "तुजा ट्रॅक्टर तुज्याकडं ठेव," अप्पा म्हणाले. बोलणं बंद.

खरं सांगायचं तर भांडण सोडलं तर बोलणं आधी तरी कुठं होतं? अप्पांची बायको शांताक्का होती तोवर सगळं तिच्यामार्फत चालायचं. "मल्लूला सांग, स्वेटर घाल म्हनावं." "आई, अप्पांना विचार, गोळी घेतली का." दोघं एकाच खोलीत असले तरी असंच. दोन वर्षांपूर्वी शांताक्का गेली आणि ते काम, कुणी विचारलं नाही की सवरलं नाही, माझ्या गळ्यात पडलं. मल्लूचा फोन मला येतो, "बाई, अप्पांना सांगा." मी भिंतीवरून सांगते. "त्याला म्हनावं," अप्पा भिंतीपलीकडून सुरू करतात आणि मी फोनवर म्हणते. मधला माणूस काढा म्हणणाऱ्याच्या घरची मी डिस्ट्रिब्युटर झाले. मला घड्याळसुद्धा मिळालं नाही.

संक्रांत झाल्यावर मल्लूच्या पोराचं जावळ ठरलं. निरोप अर्थात मला आला. "बाई, अप्पांना सांगा, एसटीनं या. ती गाडी परत वाटेत बंद पडली तर मी भंगारवाल्याला घेऊनच येतो." मी सांगितलं. "त्याला म्हनावं, गाडीनंच येनार. बंद पडली तर मी माज्या हातानं भंगारात घालतो." मी तेही सांगितलं. गाडी पणाला लागली, आणि लावणारे दोघं एकमेकांशी अक्षर बोलले नव्हते.

आमच्या नाक्यावर रफिकभाईंचं गॅरेज आहे. अप्पांनी गाडी तिथं नेली, मलाही नेलं, कारण मल्लूला सांगायला साक्षीदार हवा. रफिकभाईंनी बॉनेट उघडलं, डोकं आत घातलं आणि आतूनच निकाल दिला, "अप्पा, डिस्ट्रिब्युटर बेकार हो गया."

अप्पांचा चेहरा पडला. "त्याला बी म्हाईत हाय व्हय?" ते मला हळूच म्हणाले.

मग रफिकभाईंनी दाखवलं. इंजिनावर टोपी घातलेला एक डबा असतो. कॉइलचा करंट घ्यायचा आणि चार प्लगांना पाळीपाळीनं वाटायचा, एवढंच त्याचं काम. टोपीत ओल शिरली की वाटप बंद. "नवे गाड्यां में ये रैताच नै," रफिकभाई सहज म्हणाले. "करंट सीधा जाता."

"थेट?" अप्पांनी विचारलं.

"हौ. थेट."

अप्पांना देव भेटला. रफिकभाई बिचारे सांगत होते की नवी टोपी बसवा, काम होईल, एवढ्या जुन्या गाडीला हा उपद्व्याप कायकू. पण अप्पा कुठले ऐकायला. "मला काढलं तवा कुनी नवी टोपी घातली व्हती व्हय? काढा त्याला."

मग सामान आलं. कॉइलचा नवा संच आला. ठिणगी कधी टाकायची हे ठरवणारा एक काळा डबा आला. आणि इंजिनाच्या पुढं, इंजिनाबरोबर फिरणारं एक दात्यांचं चाक आलं. त्या चाकाचे दाते मोजून काळ्या डब्याला हिशेब लागतो. डिस्ट्रिब्युटर उपसला, त्याच्या भोकावर झाकण बसलं. चाक मात्र अप्पांनी विभूती लावायला घरी आणलं आणि तिथंच घोळ झाला.

"फसवलं की बाई," अप्पा भिंतीवरून चाक दाखवत म्हणाले. "बगा, एक दात पडलेला माल गळ्यात मारलाय."

खरंच, सगळीकडं दाते आणि एका ठिकाणी खाच. मी जन्मभर व्याकरण शिकवलं, मला काय कळतंय? मी म्हटलं, दुकानदाराला परत करा.

"म्हंजे परत मधला मानूस आलाच की. मी थेट वेल्डरकडं जातो."

गेले. नवा दात बसवून घेतला, कानशीनं घासला, वर चंदेरी रंग दिला. इतका बेमालूम की कुठला दात नवा ते मलाही सांगता येईना. रफिकभाईंनी ते चाक तसंच गाडीला बसवलं.

गाडी चालू होईना. चावी फिरवली की नुसतं गुरगुरायची. रफिकभाईंनी वायरी बदलल्या, काळा डबा बदलला, शेवटी स्वतःवर चिडून चहा सोडला. अप्पा कानडीत विनवण्या करून थकले. मल्लूचे फोन सुरूच होते आणि मी "काम चालू आहे" एवढंच सांगत होते. जावळ परवावर आलं तेव्हा रफिकभाई कंटाळून चाकावर बोट फिरवायला लागले आणि थांबले. रंगाखाली वेल्डिंगचा उंचवटा हाताला लागला होता.

"ये दात किन्ने लगाया?"

"मी," अप्पा कौतुकानं म्हणाले. "पडला व्हता."

रफिकभाई कपाळाला हात लावून टायरवर बसले. "पड्या नै था अप्पा. वो जगा खालीच रैना. खाली जगा आती, तब्बीच डब्बे कू समजता, इंजन कां है."

म्हणजे दाते सगळे सारखेच. कुठून मोजायला सुरुवात करायची, हे त्या रिकाम्या जागेवरूनच कळायचं. ती भरली आणि सगळं इंजिन वाट चुकलं.

मला वाटलं, आता अप्पा वाद घालणार. त्यांनी चाक उतरवून घेतलं. कानस मागून घेतली, स्टुलावर बसले आणि तो दात स्वतःच्या हातानं घासून काढला. बराच वेळ घासत होते. चाक परत बसवल्यावर गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

जावळाच्या दिवशी सकाळी अप्पा दारात. "चला बाई अकलूजला." तिथं निरोप द्यायला-घ्यायला कुणीतरी लागणार, हे मी ओळखलं. मी पुढचं डावीकडचं दार उघडलं.

"बाई, मागं बसा."

मला राग आला. "का? पुढं सामान ठेवायचंय?"

"न्हाय. काय बी ठेवायचं न्हाय." अप्पा काच पुसत राहिले. "शांता बसायची की तितं. ती जागा रिकामी दिसली म्हंजे मला कळतंय, मी कुटं हाय. भरली की चुकतोय बगा मी."

मी मागं बसले. मोडनिंब आलं आणि गेलं. अप्पांनी चहालासुद्धा गाडी थांबवली नाही.

मल्लू फाटकाशी उभा होता. कानटोपी नाही, स्वेटर नाही. गाडीकडं बघून त्यानं मलाच विचारलं, "बाई, अप्पांना विचारा, वाटेत बंद पडली का."

"बाई, त्याला म्हनावं, न्हाय पडली."

"त्यांना म्हणावं, मारू एक चक्कर. बघू तरी."

मी गाडीत मागंच बसून होते. मल्लूनं पुढचं डावीकडचं दार उघडलं. हात दारावरच राहिला. तो त्या सीटकडं बघत राहिला, मग त्यानं दार हळूच लावलं आणि मागं येऊन माझ्याशेजारी बसला.

अप्पा आरशातून बघत होते.

"आई बसायची की तितं," मल्लू म्हणाला. माझ्याकडं न बघता.

"व्हय," अप्पा म्हणाले. मग आरशातूनच म्हणाले, "स्वेटर घाल की रं. गार हाय लई."

"घालतो. तुमी गोळी घेतली का?"

"घेतली."

मी माझ्या बाजूचं दार उघडून खाली उतरले. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. अप्पांनी चावी फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली.