अंधारातली बारा मिनिटं

साडेदहा वाजून गेले तरी मुकुंद खैरनारांच्या पिंडाला कावळा शिवायला तयार नव्हता. पंचवटीच्या घाटावर त्या सकाळी सात जणांचे दहावे होते. त्यातले पाच जण झटपट मोकळे होऊन मार्गाला लागले होते. घाटावरच्या कावळ्यांची पाच घरची जेवणं झाली होती आणि आता ते समोरच्या पत्र्यावर सुस्तावून बसले होते. खाली खैरनारांचा जावई राकेश ओल्या पंच्यात कुडकुडत हात जोडून उभा होता. मेलेल्या माणसाइतकेच हाल जिवंत माणसाचेही व्हावेत, असा काहीतरी शास्त्राचा आग्रह असावा.

खरी अडचण वेगळीच होती. पिंडाभोवती चौदा म्हातारे कडं करून उभे होते. सगळ्यांच्या अंगात काळे टी-शर्ट, टी-शर्टवर पिवळा कंदील, आणि बहुतेकांच्या पोटामुळे तो कंदील आडवा पसरलेला. जगाच्या दृष्टीनं मुकुंद खैरनार हे विमा कचेरीत तेहतीस वर्षं टेबलाला चिकटून निवृत्त झालेले गृहस्थ. या चौदा जणांसाठी मात्र ते 'मॅक' होते. 'द लँटर्न्स' या नाशिकच्या दोघांच्याच रॉक बँडचे गायक आणि गिटारवादक; दुसरा ड्रमर. नाशिककर त्यांना सरळ कंदीलवाले म्हणत. बँड तीन वर्षं चालला, कार्यक्रम झाले एकूण नऊ. शेवटचा सत्त्याहत्तर सालच्या जानेवारीत, कॉलेजच्या हॉलमध्ये. हॉलमध्ये साडेतीनशे खुर्च्या होत्या. आपण त्या कार्यक्रमाला होतो असं सांगणारे लोक आजवर दोन हजारांच्या घरात गेले आहेत.

"गुरुजी, तुम्हाला कल्पना नाही, आज कोण गेलंय," शरद कुलथे म्हणाले. हे चाहत्यांचे म्होरके. उभा जन्म वीज खात्यात गेलेला. "पाचवं गाणं चालू होतं, आणि फटकन लाइट गेली! काळाकुट्ट अंधार. दुसरा कुणी असता तर थांबला असता. मॅक थांबला नाही. बारा मिनिटं गुरुजी! बारा मिनिटं अंधारात एकटी गिटार! काय तो सोलो! हे बघा," असं म्हणून त्यांनी तळहातावरचा पांढरा व्रण दाखवला. "खुर्चीचा पत्रा बडवून बडवून हात फाटला, पण ठेका नाही सोडला आपण."

"आम्ही सगळ्यांनीच धरला होता," मागून कुणीतरी म्हणालं. "पाय आपटून आपटून माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता."

"अनवाणी घरी गेलो, पण काय सांगू, धुंदीत!"

चौदाही जणांचे डोळे भरून आले. या आठवणीवर ते अठ्ठेचाळीस वर्षं जगत होते. मुलांच्या लग्नात, नातवंडांच्या बारशात, दवाखान्यात सलाइन लावलेल्या अवस्थेतसुद्धा ती सांगून झाली होती. आणि ती सांगून झाली की शेवटी एक सुस्कारा ठरलेला असे. तो आत्ताही आला.

"मग काय," कुलथे खाली बघत म्हणाले, "मार्चमध्ये लग्न झालं मॅकचं."

पायरीवर बसलेल्या इंदिराबाईंनी पदर सारखा केला. 'मॅक कुठल्या कुठे गेला असता, पण' या वाक्यातला 'पण' म्हणजे आपण, हे त्यांना लग्नापासून ऐकवलं जात होतं. आज तर नवरा दर्भावर अडकून बसला होता आणि चौदा जण आपल्याकडे आरोपीकडे पाहावं तसे बघत होते. त्यांना दहा दिवस झोप नव्हती. मुकुंदरावांचं काय राहिलं होतं, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. दवाखान्यात शेवटच्या दिवशी ते स्वतःच म्हणाले होते. पण ते इथे उघड बोललं तर या म्हाताऱ्यांच्या हातात उरणार काय, म्हणून बाई गप्प होत्या.

"काही इच्छा राहिली असेल तर शब्द द्या बरं," ढुंढिराज गुरुजी घड्याळ बघत म्हणाले. "नाहीतर दर्भाचा कावळा करून लावतो. शास्त्रात सोय आहे. मला बारा वाजता एक वास्तुशांत आहे."

"गवताचा कावळा नको," इंदिराबाई म्हणाल्या. "खरा येऊ दे. ते मोकळे झालेले मला बघायचेत."

मग शब्द द्यायला सुरुवात झाली. कुलथ्यांनी चौकाला मॅकचं नाव देण्याचं वचन दिलं. कावळा हलला नाही. दुसऱ्यानं दर जानेवारीत स्मृतिसमारोह जाहीर केला. तिसऱ्यानं घाईघाईत पुतळा कबूल केला, तेव्हा एक कावळा पत्र्यावरून उठला, पिंडाजवळ आला, वर बघितलं आणि चौदा काळी पोटं दिसताच माघारी फिरला.

"गिटार!" कुलथे ओरडले. "त्याचा जीव गिटारीत अडकलाय! कुठंय गिटार, वहिनी?"

"माळ्यावर."

"माळ्यावर!" चौदा जणांनी एकदम म्हटलं. खुनाचं हत्यार सापडावं तसा आवाज होता तो.

मुकुंदरावांची मुलगी स्नेहल स्कूटर घेऊन घरी पिटाळली गेली. ती पाऊण तासानं आली. गिटारीला एकही तार नव्हती आणि तिच्या पोटात पापडाच्या लाट्या लाटायचं छोटं लाटणं निघालं. तरी कुलथ्यांनी ती भक्तिभावानं पिंडाशेजारी उभी केली. कावळ्यांनी गिटार बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी. लांब दांड्याची ती वस्तू आपल्याला मारायलाच आणली आहे, अशी त्यांची खात्री झाली आणि ते पत्र्यावरून उठून लांबच्या पिंपळावर जाऊन बसले.

"आवाज हवा, आवाज!" कुलथ्यांनी पिशवीतून स्पीकर काढला. लँटर्न्सचं एकमेव रेकॉर्डिंग, खरखरीसकट, गोदाकाठी दणाणलं. पिंपळ रिकामा झाला. कबुतरंही गेली. घाटावर बसलेली एक गाय उठून निघून गेली.

"ओ भाऊ, बंद करा ते!" शेजारच्या पिंडापाशी बसलेली सटाण्याकडची ठमाबाई कडाडली. "आमना म्हातारा आजून उपाशी शे!"

तिच्या दोन दांडग्या मुलांनी बाह्या सरसावल्या. कुलथे संगीताचं महत्त्व सांगू लागले, तेव्हा थोरल्यानं स्पीकर उचलून नदीच्या दिशेनं धरला. प्रकरण हातघाईवर आलं. राकेश पंचा सावरत मध्ये पडला आणि दोन्ही बाजूंचे धक्के त्यालाच बसले. शेवटी गुरुजींनी दोघांकडच्या पितरांची शपथ घातली आणि गाणं बंद झालं.

हळूहळू दोन-चार कावळे परतले. ठमाबाईनं इंदिराबाईंकडे बघितलं. पोरांना गप्प केलेल्या आयांची एकमेकींशी आपसूक ओळख असते.

"बाई, कावळाले थापा चालतस नई," ती हलक्या आवाजात म्हणाली. "खरं सांगनं पडस."

मग ती आपल्या नवऱ्याच्या पिंडाकडे वळली. घसा खाकरला. "म्हैस दिवाळीलेच मरनी व्हती," ती म्हणाली. "मी तुले खोटं सांगं. तू इचारीत ऱ्हायना, मी 'बरी शे' म्हनत ऱ्हायनू."

तिची मुलं तोंड वासून बघत राहिली. एक कावळा खाली आला, पिंड फोडला आणि घास घेऊन उडाला. ठमाबाईनं डोळे पुसले आणि सामान आवरायला घेतलं.

इंदिराबाई उठल्या. गुडघे धरत दोन पायऱ्या उतरल्या आणि चौदा जणांसमोर उभ्या राहिल्या.

"भावजी, तुम्ही वीज खात्यात होतात ना?"

"हो," कुलथे म्हणाले. "पस्तीस वर्षं. का?"

"ह्यांची गिटार विजेवर चालायची. मग लाइट गेल्यावर ती बारा मिनिटं वाजली कशी?"

कुलथ्यांनी वाकून गिटारीच्या कडेचं वायरीचं भोक बघितलं. पस्तीस वर्षं तारा जोडलेल्या माणसाला हा प्रश्न पडला नव्हता.

"हे स्टेजवर नव्हतेच," इंदिराबाई म्हणाल्या. "मागच्या फाटकाशी होते, माझ्याबरोबर. बाबा मला आत येऊ देत नव्हते, म्हणून मी बाहेरून ऐकत उभी होते. लाइट गेली तसे हे धावत आले. 'लग्न करशील का' म्हणून विचारलं. मी म्हटलं, बँडचं काय? तर म्हणाले, स्टेजवर चढलं की पोटात गोळा येतो, कंटाळा आलाय. मी नाही सोडायला लावला बँड. मला 'हो' म्हणायलाच दहा मिनिटं लागली."

"पण मग... आम्ही ऐकलं ते?" कुणीतरी रडवेल्या सुरात विचारलं.

"ते कादरभाईंनी वाजवलं. ड्रमला वीज लागत नाही. ह्यांची आब राखली त्यांनी, आणि नाव मात्र ह्यांचं झालं. शेवटपर्यंत हेच बोलत होते, 'इंदू, कादरचं सांगून टाकायला हवं होतं.'" मग त्या पिंडाकडे वळल्या. "सांगितलं हो मी. आता जा तुम्ही."

त्या धक्क्यानं चौदा जण दहा पावलं मागे सरले आणि मिळेल त्या पायरीवर मटकन बसले. पिंडाभोवतीची जागा प्रथमच मोकळी झाली. दुसऱ्याच क्षणी कावळा आला, गिटारीला वळसा घातला आणि पिंडाला शिवला. राकेशनं आकाशाकडे बघून नमस्कार केला आणि कोरड्या कपड्यांकडे धाव घेतली. इंदिराबाई पायरीवर बसून मनसोक्त रडल्या. दहा दिवसांत त्यांना असं रडता आलं नव्हतं.

कादर शेख एका बाजूला टोपी हातात धरून उभे होते. लँटर्न्सचे ड्रमर. बँड मोडल्यावर त्यांनी जुन्या नाशकात गाद्यांचा कारखाना टाकला होता.

घाटावरच्या टपरीवर चहाचा पहिला घोट पोटात जाईपर्यंत चाहते सावरले होते. दुसऱ्या घोटाला कुलथे म्हणाले, "खरं सांगू का, मला तेव्हाच शंका आली होती. गिटार अशी अंगावर येत नाही. तो ड्रमच होता."

"अर्थात ड्रम! छातीत बसत होता ठोका."

"सुरुवातीला हळू, आठवतं? आणि मग कादरनं जो काय वेग घेतला!"

"मी तर पुढच्याच रांगेत होतो. अंधारात काठ्या दिसत होत्या त्याच्या."

सातवीत असताना हॉलच्या भिंतीवर चढून आपणही तो सोलो ऐकला होता, असं आता ढुंढिराज गुरुजींनाही आठवलं. त्यांनी वास्तुशांतीवाल्यांना फोन करून तासभर उशीर होईल असं कळवलं. सव्वीस जानेवारीला कादर शेख यांचा भव्य सत्कार करायचा, असं टपरीवरच ठरलं. टी-शर्टवर कंदिलाखाली ड्रम येणार होता.

"अरे, पण मेरी बात तो सुनो," कादरचाचा म्हणाले. "त्या रात्री मी..."

"विनय बघा माणसाचा!" कुलथ्यांनी त्यांना मिठी मारली. "अठ्ठेचाळीस वर्षं एक शब्द नाही काढला!"

शब्द काढला नव्हता हे खरं होतं. कारण लाइट जाताच कादरचाचा बाजूच्या दारानं चहा प्यायला गेले होते. थंडी मरणाची होती. आतून धडाधड आवाज आले तेव्हा त्यांना वाटलं, मुकुंदनं पब्लिक सांभाळलंय. लाइट येताच दोघं दोन दारांनी धावत जागेवर पोचले. हॉल वेडा झाला होता. मुकुंद त्यांच्या कानात म्हणाला, "कादर, वाचवलंस रे." आणि कादरनं मान हलवली. ती एक मान हलवणं त्यांना जन्मभर पुरलं होतं. आता मिठीतून सुटताना त्यांची नजर कुलथ्यांच्या तळहातावरच्या व्रणावर गेली आणि तो सोलो कुणी वाजवला होता, ते त्यांना प्रथमच लख्ख कळलं.

ते तडक इंदिराबाईंकडे गेले. आज सांगून टाकायचंच होतं.

"भाभी, एक बोलायचंय."

इंदिराबाईंनी वर बघितलं. चेहरा सुजलेला होता, पण शांत होता. "कादरभाई, तुम्ही काही बोलू नका. तुम्ही तिकडं वाजवत होतात, म्हणून इकडं माझा संसार उभा राहिला. आज ते मोकळे झाले. मला आज झोप लागेल."

कादरचाचांनी टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "हां भाभी. आराम करा."

रिक्षाकडे जाताना वाटेत कठड्यावर तोच कावळा चोच घासत बसला होता. त्यानं मान वाकडी करून त्यांच्याकडे रोखून बघितलं. कादरचाचांनी टोपी डोक्यावर नीट बसवली, आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं आणि म्हणाले,

"बघतोस काय? आमच्यात तुझं काम पडत नाही."