हिरामणकाकांचं वीजघर

"बंद कर बे मशीन! पूरा फीडर ट्रिप करून राहिला!"

हिरामणकाकांचा हा आवाज फुलचूरहून निघून थेट बालाघाटला टेकला, असं म्हणतात. म्हणणारा मीच. गवत कापायला आलेल्या माणसाने मशीन खाली ठेवून दोन्ही हात वर केले.

फीडर, म्हणजे वीज वाहणारी मोठी लाइन, तिथे नव्हताच. होता काकांच्या घराला लागून त्यांचाच रिकामा प्लॉट, आणि त्यावर असं गवत, की आत शिरलेली गाय वासरासकट बाहेर पडावी. सापांच्या भीतीने कॉलनीने मशीन बोलावलं आणि बोलायला मला पुढे ढकललं.

काकांची नोकरी वीजघरातली. निवृत्त झाले, पण ड्युटी सुटली नाही. त्यांच्या हिशेबी सूर्य हे वीजघर, गवत हे पहिलं सबस्टेशन, पुढे नाकतोडा, उंदीर, सरडा असे खांब. "आन् खांबाखांबाले करंट गळते, बापा! दहातला एक पुढं जाते. बाकी उड्या मारण्यात, आंग गरम ठेवण्यात खलास!"

एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाला मटणाच्या भर पंगतीत विचारलं, "दहा पोते चारा खाते तवा पोतंभर बकरा होते. तुमी किती पोते चारा खाऊन राहिले, मामाजी?" मामाजी तसेच उठले. त्यांच्या गावचे बोकड तेव्हापासून म्हातारपणाने मरतात.

"पण साप निघते न, काका," मी म्हणालो.

"साप बी लाइनवरच आहे. तुले काऊन भेव? तू का उंदीर आहेस?"

कॉलनी हसली. मी नाही.

"तरी इतकं गवत कायले पाहिजे?"

काका हळू बोलले. हा प्रकार मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. "वर पाह."

उंदरावर नजर ठेवून एक कापशी घार हवेत एकाच जागी फडफडत होती. काकांनी मग खिडकीकडे बोट केलं. आत खाटेवर काकी. लकवा झाल्यापासून त्या बोलत नाहीत. लेक आला, नातवंडं आली, तरी मान वळत नाही. आत्ता ती वळली होती. घार खाली झेपावली, काकींचे डोळे तिच्यामागे गवतात उतरले, पुन्हा वर आले. ओठांचा एक कोपरा हलला.

मशीनवाला मशीन खांद्यावर टाकून निघू लागला. कॉलनीला तोंड दाखवायचं असल्यामुळे मी तोड काढली. "अर्धंच कापू, काका. साप बी जाईल, घार बी राहील."

"अर्ध्या गवतावर अर्धी घार नाई येत," काका म्हणाले.