बोक्याच्या पोटावरच्या आठ गाठी

टेलरमास्तरांच्या मुलीला जुळं झालं त्या वर्षीची ही गोष्ट. बायको महिनाभरासाठी मुलीकडे निघाली, तेव्हा तिला जुळ्यांपेक्षा घरच्या बोक्याचीच काळजी जास्त होती.

"अहो, नीट सांभाळाल ना त्याला?"

"एका वेळी सहा कारागीर सांभाळलेत मी," मास्तर म्हणाले. "हा काय, दिवसभर झोपतो. म्हणजे कारागिरांसारखाच. जा निर्धास्त. आहे तसाच परत देईन."

सव्वीस दिवस सुरळीत गेले. सत्ताविसाव्या दिवशी बोका कापड कापायच्या टेबलावर उताणा पसरला होता. मास्तरांनी सहज त्याचं पोट खाजवलं आणि बोटाला गाठ लागली. पुढे दुसरी. मग तिसरी. मोजल्या तर आठ. चार-चारच्या दोन रांगा, डबल ब्रेस्ट कोटाला बटणं लावावीत तशा. मास्तरांना दरदरून घाम फुटला. तरी मनात आलंच, रोग असेल, पण काम सफाईदार आहे.

त्यांनी टेप काढली, अंतरं मापाच्या वहीत लिहिली आणि वाढल्या तर कळावं म्हणून प्रत्येक गाठीभोवती खडूने गोल केला. मग शेजारच्या सलूनवाल्याला हाक मारली.

"गोचीड," सलूनवाला एका नजरेत म्हणाला. "चिमट्याने उपटू."

"नक्की ना रे?"

"मास्तर, केसांखालचं सगळं मला कळतं. धरा पाय."

चिमटा पहिल्या गाठीला लागला मात्र, बोका सलूनवाल्याच्या खांद्यावर, तिथून डोक्यावर आणि डोक्यावरून कपाटावर गेला. जाताना दोघांच्या हातांवर लांबलचक रेघोट्या ओढून गेला.

बायको परवा येणार होती. आता थट्टा पुरे झाली, असं म्हणून मास्तरांनी बोक्याला पिशवीत घातलं आणि सलूनवाल्याला घेऊन जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी खडूचे आठ गोल पाहिले आणि चष्मा पुसला.

"मास्तर, ही त्याची स्तनाग्रं आहेत."

"बाई, तो बोका आहे."

"मग? तुम्हाला नाहीत?"

चाळीस वर्षं पुरुषांच्या छातीची मापं घेतलेल्या मास्तरांचा हात आपोआप शर्टाकडे गेला. सलूनवाला भिंतीवरचा लसींचा तक्ता मन लावून वाचू लागला.

हसता हसता बाई बोक्याचा गळा चाचपत होत्या. एकदम त्यांचं हसू थांबलं.

"ही कधीची?"

जबड्याखाली, केसांत दडलेली, ओव्हरकोटाच्या बटणाएवढी गरम गाठ होती. तिच्याभोवती गोल नव्हता.

"मारामारीत दात लागलाय. आत पू झालाय, अंगात ताप आहे. जेवतोय का?"

"दोन दिवस कमीच. मला वाटलं, हिची आठवण येत असेल."

बाईंनी पू काढला, औषध दिलं. "गाठ वाढली, चिघळली, नाहीतर त्याने खाणं सोडलं, की खडूने गोल काढत बसू नका. सरळ इथे या. आणखी चार दिवस काढले असतेत तर जड गेलं असतं."

बायको आली. मास्तरांनी जबड्याखालच्या गाठीची हकीकत रंगवून सांगितली. पोटाचं नाव काढलं नाही.

"तुमचं बारीक लक्ष होतं, म्हणून वाचला हो," बायको म्हणाली. मास्तरांनी ते कौतुक मान खाली घालून घेतलं.

गुपित सलूनवाल्याच्या तिसऱ्या गिऱ्हाइकापर्यंत टिकलं.

बोका पुढे नऊ वर्षं जगला. मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी, सोळा वर्षांचा होऊन, म्हातारपणाने गेला.