सुलभाताईंचं भाषांतर

आमच्या सुलभाताई जगातल्या कोणत्याही माणसाशी मराठीत बोलतात. टॅक्सीवाला पठाण असो, सुपरमार्केटमधली फिलिपिनो पोरगी असो, नाहीतर टायपिंग सेंटरमधला इजिप्शियन असो, सुरुवात 'काय हो' किंवा 'काय गं' अशीच.

दुसरी भाषा येत नाही म्हणून नव्हे हं. एका शिपिंग कंपनीच्या अकाउंट्समध्ये त्यांचं आयुष्य गेलं. फोनवरचं त्यांचं इंग्रजी ऐकलं की शाळेत इंग्रजी शिकवणारी मीसुद्धा जरा सावरून बसायची. हिंदी येतंच, आणि ड्रायव्हर लोकांशी हुज्जत घालण्यापुरतं अरबीही येतं. पण ते सगळं ऑफिसात. ऑफिसचं दार मागे लागलं की खलास. मराठी.

शारजात, अल नहदा भागात, आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन मेलबर्नला. ताईंचं दार दिवसभर बंद आणि संध्याकाळी सताड उघडं असायचं. एकदा मी त्यांच्याबरोबर टॅक्सीत होते. ताई पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाल्या, "भाऊ, एसी जरा कमी कर रे, गुडघे धरलेत माझे." त्या बापड्याने मुकाट्याने एसी कमी केला.

"त्याला कळलं कसं?" मी विचारलं.

"गुडघ्यावर हात ठेवला होता ना मी. हात काय मराठीत असतो?"

दुसऱ्या खेपेला सरकारी अर्ज टाइप करून घ्यायला टायपिंग सेंटरमध्ये गेलो, तर तिथला माणूस अरबीत काहीतरी लांबलचक बोलला आणि शेवटी 'इन्शाल्ला' म्हणाला. ताईंनी लगेच भाषांतर केलं. "म्हणतोय, बाहेर ऊन फार आहे, आत बसा, तुमचं काम आधी करतो." मला तर तो 'उद्या या' म्हणाल्यासारखं वाटलं होतं. पण ताई खुर्चीत ऐसपैस बसल्या, पाण्याची बाटली उघडली, त्याच्या मुलाबाळांची मराठीत चौकशी केली. थोड्या वेळाने काम झालं. आता त्याने आधीच तसं ठरवलं होतं, की ताई हलत नाहीत म्हणून केलं, हे मी सांगू शकत नाही.

माझा मुलगा तर त्यांचं रोजचं गिऱ्हाईक. लिफ्टमध्ये भेटला की ताई विचारणार, "जेवलास का रे?"

"यस आंटी, आय हॅड पास्ता."

"पोटभर?"

"काइंड ऑफ."

"काइंड ऑफ म्हणजे नाहीच. ये, थालीपीठ लावते." आणि कार्टं जायचं! घरी माझ्या हातचं थालीपीठ बघून नाक मुरडणारं कार्टं.

मी एकदा सरळ विचारलं, "ताई, एवढं छान इंग्रजी येतं तुम्हाला. मग लोकांना कशाला कोड्यात टाकता?"

त्या हसल्या. "अगं, इंग्रजीत बोलले की माणूस उत्तर देतो. मराठीत बोलले की माझ्याकडे बघतो."

मला तेव्हा ते नुसतं चटकदार वाक्य वाटलं.

गेल्या उन्हाळ्यात मुलं आजी-आजोबांकडे पुण्याला गेली होती. एका संध्याकाळी मी आणि वरच्या मजल्यावरची रश्मी ताईंकडे चहा पीत बसलो होतो. ताई एकदम म्हणाल्या, "आपण तिघी कुठेतरी जाऊ या. समुद्र पाहिजे आणि आपलं कोणी नको."

रश्मी बँकेत आहे. ती कुठलीही गोष्ट एक्सेल शीटशिवाय करत नाही. "ताई, धिस इयर इज टू लेट. व्हिसा, तिकिटं... नेक्स्ट समर नक्की."

"नाही. यंदाच."

ताईंनी असा हट्ट कधी केला नव्हता. आम्ही एकमेकींकडे बघितलं. मग रश्मीने लॅपटॉप उघडला, आणि जुलैत आम्ही सायप्रसला पोचलो.

विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उलटसुलट करत येण्याचं कारण विचारलं. ताई म्हणाल्या, "फिरायला आलोय बाबा, मैत्रिणी आहोत." रश्मी मागून घाईघाईने ओरडली, "हॉलिडे! हॉलिडे!" त्याने तिघींकडे बघितलं, शिक्का मारला आणि ग्रीकमध्ये काहीतरी पुटपुटला. ताई म्हणाल्या, "म्हणतोय, टोपी घालून फिरा."

आमचं घर समुद्रापासून जरा वर, टेकडीवरच्या छोट्या गावात होतं. दगडी भिंती, दारात जाई, आणि दुपारभर झाडांवर किड्यांची किरकिर. रश्मीच्या शीटप्रमाणे सकाळी बीच, दुपारी एखादं पुरातन देऊळ, संध्याकाळी सूर्यास्त. ताई पहिल्या दिवशी आल्या. दुसऱ्या दिवशी देवळाच्या पडक्या खांबांकडे बघून म्हणाल्या, "छान आहे. पण इथे आता कोणी राहत नाही ना?" आणि तिसऱ्या दिवसापासून दुपारच्या कार्यक्रमातून त्यांनी स्वतःचं नाव काढून घेतलं.

त्याला कारण होती शेजारची मारियाआजी. काळा झगा, डोक्याला काळा रुमाल, ऐंशीच्या घरातली बाई. अंगणात अंजिराखाली बसून काहीतरी निवडत असायची. ताई भिंतीवरून डोकावल्या तर तिने हात हलवून हाक मारली, "एला! एला!" म्हणजे 'ये, ये'.

ताई मूळच्या मालवणकडच्या. त्यांच्याकडे 'आले' म्हणायला 'इलंय' म्हणतात. त्या फाटक ढकलून आत शिरल्याच, "इलंय गो, इलंय!"

जाऊन बघतात तर म्हातारी चवळीच्या शेंगा मोडत होती. ताईंना ब्रह्मानंद झाला आणि त्यांनी तिथूनच मला हाक मारली, "मेधा, अगं चवळी! हिच्याकडे चवळी आहे!" भूमध्य समुद्रात एवढं बघण्यासारखं असताना ही बाई चवळीवर खूष.

मग रोज दुपारी ताई तिकडे. आम्ही परत आलो की त्यांच्याकडून बातम्या मिळायच्या. मारियाआजीचा नवरा बोटीवर होता. तिला तीन मुलगे, मधला जरा वाया गेलेला. धाकट्या सुनेशी पटत नाही.

"ताई, हाऊ डू यू नो?" रश्मी कपाळाला हात लावायची. "शी स्पीक्स ग्रीक! तुम्हाला ग्रीकचा एक शब्द येत नाही!"

"अगं, सुनेबद्दल बोलताना बाई शेंग कशी मोडते ते बघ की."

परतायच्या आदल्या दिवशी रश्मीने बोटीतून फिरायची तिकिटं काढली. ताईंना आणायला ती मला पाठवत होती. "यल्ला, पटकन जा, बोट थांबणार नाही."

मी फाटकापर्यंत गेले आणि भिंतीपलीकडून ताईंचा आवाज ऐकू आला. नेहमीचा नव्हता. हळू होता, आणि मराठीही नव्हे, मालवणी. मी त्यांना कधी सलग मालवणी बोलताना ऐकलं नव्हतं.

"तुका म्हणान सांगतंय. माझा तिकडचा खलास झाला. कंपनीन सांगल्यान, आता पुरे. व्हिसा गेलो की घर गेला."

मी तिथेच थांबले. हाक मारायला हवी होती, पण मारली नाही.

ताई बोलत राहिल्या. कंपनीने उन्हाळ्यानंतर येऊ नका म्हणून सांगितलं होतं. फ्लॅट सोडायचा, सामान काढायचं. मुलगी ये म्हणते, मुलगी चांगली आहे, जावईही चांगला. पण नातू फोनवर 'हाय ग्रँडमा' म्हणतो आणि पळतो. त्याने पळू नये म्हणून ताई त्याच्याशी इंग्रजीत बोलतात. ऑफिस सोडलं तर जगात एकट्या त्याच्याशी.

"त्येका माझा बोलणा कळाचा नाय, म्हणान भिया वाटता," ताई म्हणाल्या. पुढे त्यांनी आमची नावं घेतली. या दोन पोरी नसत्या तर मागेच गेले असते, म्हणाल्या. यांना अजून सांगितलेलं नाही. एकदा कुठेतरी तिघी जाऊन येऊ, मग सांगेन, असं ठरवलंय.

त्यावर मारियाआजी बराच वेळ ग्रीकमध्ये बोलली. काय बोलली देव जाणे. ताई मध्ये मध्ये "होय गो" म्हणत होत्या.

मी चार पावलं मागे गेले, चपला जोरजोरात आपटत पुन्हा आले आणि फाटक वाजवलं.

"आलीस? बस," ताई म्हणाल्या. डोळे पुसलेले दिसत होते. मी अंजिराखालच्या पाटावर बसले. बोटीचं काही बोलले नाही.

"आज काय म्हणतायत आजी?" मी विचारलं.

ताईंनी एक शेंग उचलली. मोडली नाही, नुसती हातात धरली. "ही म्हणतेय," त्या सावकाश बोलू लागल्या, "हिला आता हे घर सोडायचंय. पोरगी न्यायला येणार. इतकी वर्षं राहिली इथे. पण मैत्रिणींना कसं सांगायचं, तेवढं जमत नाहीय तिला."

मी मारियाआजीकडे बघितलं. ती शांतपणे शेंगा मोडत होती. हिला कोण कुठे नेणार होतं? मुलगी तर नव्हतीच तिला. तीन मुलगे होते, हे ताईंनीच सांगितलेलं.

"का जमत नाही, विचारा ना तिला," मी म्हणाले.

ताईंनी विचारलं नाही. "ती म्हणते, पोरी एवढ्या हौसेने आल्यात. तोंडं पाडून बसतील. त्यांची सुट्टी कशाला नासवू?"

"तिला सांगा, पोरी थोड्या रडतील. पण सुट्टी नासणार नाही. आणि न सांगता गेली असती, तर त्यांनी तिला जन्मात माफ केलं नसतं."

ताईंनी शेंग एकदाची मोडली.

"कधीपासून उभी होतीस?"

"थोडा वेळ."

"रश्मीला माहितीय?"

"नाही."

"मी सांगते. आज जेवताना."

आणि सांगितलंही. रश्मी जेवणावरून उठली, ताईंना घट्ट मिठी मारून रडली, आणि डोळे पुसून लगेच फोनवर ताईंसाठी नोकऱ्या शोधायला बसली. तिचा स्वभावच तो. त्यातून काही निघालं नाही. दिवाळीच्या आत ताई मेलबर्नला गेल्या. आता अधूनमधून फोन येतो, आवाजावरून बऱ्या वाटतात.

पण मला सारखी आठवते ती अंगणातली दुपार. बोट केव्हाच चुकली होती. मारियाआजीने आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघितलं, माझ्याही मांडीवर मूठभर शेंगा टाकल्या, ताईंच्या गालावरून खरखरीत हात फिरवला आणि एक छोटंसं वाक्य बोलली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

ताईंनी तोंड उघडलं, थांबल्या, आणि मान हलवली.

"काय माहीत गं," त्या म्हणाल्या. "मला कुठे ग्रीक येतं?"