स्वयंपाकघरातला सा

ज्या दिवशी फ्रिज दुरुस्त झाला, त्याच संध्याकाळी चष्मेवाल्यांचा सूर हरवला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे कोणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं. चष्मेवाल्यांच्या तर नाहीच नाही.

चष्मेवाले म्हणजे चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. आठवडाभर लोकांना "आता खालची ओळ वाचा बरं" म्हणायचं आणि शनिवारी संध्याकाळी आपल्याच घरच्या बैठकीच्या खोलीत गायचं, असा त्यांचा क्रम. त्यांचा गट वाद्यांशिवाय गायचा. पेटी नाही, तबला नाही, गिटार नाही. जे वाजायचं ते माणसांच्या गळ्यातच. दातांच्या डॉक्टरीणबाई वरच्या पट्टीत गात, पोस्टमास्तर खाली खर्जात "धुम धुम" करत आणि बाकीचे मधल्या जागा भरत. चष्मेवाल्यांच्या वाट्याला कित्येक वर्षं मागच्या रांगेतलं "ऊऽऽ" आलं होतं. गाण्यातला एखादा शब्द आपल्याला मिळावा, एवढीच त्यांची इच्छा होती. पण "ऊ" म्हणणाऱ्याला शब्द कोण देतो?

गट चालवायच्या बाई. त्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळेतला दरारा बरोबर घेऊन आल्या होत्या. "यंत्राचा सूर मला नको, माणसाचा हवा," हा त्यांचा नियम. त्यामुळे सगळ्यांचे मोबाइल दाराबाहेर, चपलांशेजारच्या टोपलीत. गाणं सुरू करायचा सूरसुद्धा कोणीतरी गळ्यानंच द्यायचा, आणि त्यावर सगळ्यांनी आपापला स्वर जुळवायचा.

एकदा सूर देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या नाहीत. बाईंनी सहज चष्मेवाल्यांकडे बोट केलं. त्यांनी डोळे मिटले आणि "सा" लावला. पुढच्या शनिवारी पुन्हा तोच. त्याच्या पुढच्या शनिवारीही तोच, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"हे जन्मजात असतं," त्या म्हणाल्या. "शिकवून येत नाही."

त्या दिवसापासून चष्मेवाले पहिल्या रांगेत आले. दुकानात चष्म्याच्या दांड्या पिळताना गुणगुणू लागले. घरी बायकोनं विचारलं, "अहो, पण तुम्हाला कळतं कसं, कुठला सूर लावायचा ते?" तेव्हा ते छताकडे बघत म्हणाले, "तुला नाही कळायचं ते. त्याला कान लागतो."

नवरा आता मोठा गवई झाला आहे, तर आपणही काहीतरी केलं पाहिजे, असं बायकोच्या मनानं घेतलं. वार्षिक कार्यक्रम तोंडावर आला होता. स्वयंपाकघरातला फ्रिज, भिंतीला टेकून उभा, वर्षानुवर्षं घूंऽऽ करत होता. तिनं नवऱ्याला न सांगता फ्रिजवाल्याला बोलावलं आणि पंखा बदलून घेतला. फ्रिज एकदम गप्प झाला. इतका गप्प, की तो चालू आहे की नाही हे बघायला तिनं दोनदा दार उघडून आत हात घातला.

संध्याकाळी मंडळी जमली. चष्मेवाल्यांनी डोळे मिटले. नेहमीसारखं आतून काहीतरी येईल म्हणून थांबले. काहीच आलं नाही. शेवटी जो आला तो सूर त्यांनी लावून टाकला. गाणं सुरू झालं आणि वरच्या जागेवर डॉक्टरीणबाईंच्या गळ्यातून दाराच्या बिजागरीसारखा आवाज निघाला.

"सॉरी हं, मला सर्दी होतेय वाटतं," त्या घाईघाईनं म्हणाल्या.

पुन्हा सूर दिला. या वेळी पोस्टमास्तरांचा खर्ज इतका खाली गेला की नुसती हवाच बाहेर आली. त्यांनी कानात बोट घालून जोरात हलवलं. "माझे कान गेले, बाई. वय झालं."

"तुमचे नाही, माझेच गेले असतील," बाई हळूच म्हणाल्या. त्या असं म्हणाल्यावर सगळेच घाबरले. तिसऱ्या वेळी चष्मेवाल्यांनी आणखी तिसराच सूर दिला. पण तोपर्यंत प्रत्येक जण स्वतःवरच शंका घेण्यात इतका गुंतला होता की चष्मेवाल्यांवर शंका घ्यायला कोणी मोकळंच नव्हतं. जन्मजात देणगीवर शंका घ्यायची तरी कशी?

मंडळी गेल्यावर चष्मेवाले सुन्न होऊन पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. पेला तोंडाला लावला आणि तिथेच थांबले. घरात काहीतरी कमी होतं.

"अगं, हा बंद पडलाय का?"

"बंद कशाला पडेल? दुरुस्त करून घेतला," बायको कौतुकाची वाट बघत म्हणाली. "तुमच्या गाण्यात त्याची घरघर नको म्हणून."

चष्मेवाले स्टुलावर बसले. वर्षभर जिला ते देणगी समजत होते, ती भिंतीपलीकडे उभी राहून दूध गार ठेवत होती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी त्यांनी फ्रिजवाल्याला गाठून घरी आणलं. "हा परत बिघडवून द्या."

फ्रिजवाल्यानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या बायकोकडे. "काय झालं? गार होत नाही का?"

"गार होतो हो! पण आवाज करत नाही."

"मग तक्रार काय आहे?"

"हीच!"

"वहिनी," फ्रिजवाला दबक्या आवाजात म्हणाला, "साहेबांची तब्येत बरी आहे ना?"

बायकोला रडावं की भांडावं ते कळेना. "मी एवढी खटपट केली, आणि हे बिघडवायला निघालेत! मला एका शब्दानं विचारलंत तरी का, काय हवंय ते?"

"तुला सुरातलं काय विचारायचं?" चष्मेवाले म्हणून गेले. मग फ्रिजवाल्याकडे वळले. "जुना पंखा कुठंय?"

जुना पंखा त्यानं पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याच्या फ्रिजला बसवला होता. "आवाज करतो, पण चालतो. त्यांना काही वाटत नाही, त्यांचं शिलाई मशीन त्याच्यापेक्षा जास्त ओरडतं."

कार्यक्रमाच्या दिवशी ऐन संध्याकाळी चष्मेवाले शिंप्याच्या स्वयंपाकघरात फ्रिजला कान लावून उभे होते. "माप घ्यायचंय का?" शिंप्यानं विचारलं. चष्मेवाल्यांनी ओठांवर बोट ठेवलं. घूंऽऽ. तोच! जुना मित्र भेटावा तसे त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तोंड मिटून तो सूर धरला, शिंप्याला हात जोडले आणि "म्म्म्म" करत नाट्यगृहाकडे चालायला लागले. बोलायचं नाही, थांबायचं नाही, श्वास घ्यायचा तोही पटकन. सूर सुटला की संपलं.

वळणावर नेमकं एक गिऱ्हाईक आडवं आलं. "बरे भेटलात! तुमच्या नव्या चष्म्यातनं पायऱ्या वाकड्या दिसतायत."

"म्म्म्म."

"म्हणजे सवय होईल म्हणताय?"

"म्म्म्म."

"आणि नाहीच झाली तर?"

"म्म्म्म," चष्मेवाले मान डोलावत पुढे गेले. गिऱ्हाईक थोडा वेळ गोंधळून उभं राहिलं, मग एवढ्या शांत माणसावर विश्वास ठेवलेला बरा, असं ठरवून निघून गेलं.

नाट्यगृहाची मागची पायरी आली. सूर शाबूत होता. दारात पोस्टमास्तर येरझाऱ्या घालत होते. "आलात! आमचा जीव टांगणीला लावलात हो!" असं म्हणून त्यांनी प्रेमानं चष्मेवाल्यांच्या पाठीत एक सणसणीत थाप मारली. तोंडातला सूर हुंदका होऊन बाहेर पडला आणि गेला तो गेलाच.

पडदा उघडला. समोर सगळं सभागृह भरलेलं. बाईंनी हात वर केला आणि चष्मेवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले. आतमध्ये पोस्टमास्तरांची थाप, गिऱ्हाइकाच्या वाकड्या पायऱ्या, शिंप्याचं मशीन, सगळं होतं. सूर तेवढा नव्हता. आता पुन्हा मागची रांग. कदाचित तीही नाही. त्यांना पळून जावंसं वाटलं, आणि पाय हलले असते तर ते खरंच पळाले असते.

तेवढ्यात प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेतून, अगदी बारीक, कोणीतरी सूर धरला. "म्म्म्म."

चष्मेवाल्यांनी डोळे उघडले. बायको मांडीवर पर्स घेऊन बसली होती आणि तोंड मिटून थेट त्यांच्याकडे बघत होती. तोच सूर. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. त्यांनी तो घाबरत घाबरत उचलला, गटानं त्यांच्याकडून उचलला, पोस्टमास्तरांचा खर्ज जागेवर बसला, डॉक्टरीणबाईंचा आवाज विनासर्दी वर चढला, आणि गाणं असं रंगलं की टाळ्या थांबेनात.

कार्यक्रम संपल्यावर बाई रंगमंचावरून उतरल्या त्या तडक पहिल्या रांगेकडे. बाईंचे कान अजिबात गेलेले नव्हते.

"तुम्ही गाणं कुठं शिकलात?"

"मी? छे हो!" बायको लाजून म्हणाली. "मला कुठलं गाणं! दिवसभर त्याच्याच शेजारी उभी असायची ना मी, इतकी वर्षं. हे आपले पाणी प्यायला यायचे तेवढेच."

कोणाच्या शेजारी, ते बाईंना कळलं नाही आणि चष्मेवाल्यांनीही कळू दिलं नाही. बायकोसमोर उभं राहून ते "अगं..." एवढंच म्हणाले. लाज वाटत होती आणि तिचा अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही एकदम वाटलं की बोलायचं काय, ते कळत नाही.

पुढच्या शनिवारी मंडळी जमली. चहा ठेवायला चष्मेवाले स्वयंपाकघरात गेले होते. भांडं गॅसवर ठेवून ते सवयीनं फ्रिजजवळ गेले, कान लावला, आणि त्या मुक्या दाराशी तसेच थांबले.

बाहेरून बायकोचा आवाज आला, "अहो, तिकडे काय करताय? सगळे खोळंबलेत. या लवकर, मागच्या रांगेत जागा ठेवलीय. सूर मी देतेय."