खातेदाराच्या वतीने कावळा

धर्माकाकाच्या दहाव्याला मुर्धा गावाच्या खाडीकाठी माणसं सव्वीस, पिंड तीन, केळीचं पान एक आणि कावळे चौदा होते. मोजणी निशिगंधाने केली होती. ती रसायनशास्त्रात एमएस्सी होती आणि हाताला काम नसलं की समोर दिसेल ते मोजत असे. तेरा कावळे चिंचेवर होते. एक पानापासून हातभर अंतरावर दगडावर बसला होता. तो पिंडांकडे पाहत होता आणि माणसं घड्याळाकडे.

"दादा, तुज्यावर टाकलेली बांधाची केस मी मागं घेतो," आत्माराम म्हणाला. तो धर्माकाकाचा धाकटा भाऊ आणि निशिगंधाचा बाप. एका हाताने तो नमस्कार करत होता, दुसऱ्या हाताने फोनवर चित्रण. गावाबाहेरच्या नातेवाइकांना ते ग्रुपवर पाठवायचं होतं. हेच आश्वासन त्याने भाऊ जिवंत असतानाही चारदा दिलं होतं. कावळ्याने मान डावीकडे वळवली.

"बरं, वकिलाची फी पण मीच भरतो."

कावळ्याने मान उजवीकडे वळवली.

ऊन डोक्यावर आलं तशी निशिगंधा वैतागून पुढे झाली. "काका, तुमच्या खात्याचे कागद मी काढते. कमळाआत्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून घेते. झालं?"

कावळा शिवला. पिंडाशेजारच्या तळलेल्या बोंबलावरचा द्रोण त्याच क्षणी वाऱ्याने उडाला होता, असं निशिगंधाचं निरीक्षण होतं. पण सव्वीस माणसांनी हात जोडले होते. निरीक्षण तिने स्वतःपाशीच ठेवलं.

तसंही काम तिच्याच गळ्यात होतं. धर्माकाकाने मृत्युपत्रात खात्यातला सगळा पैसा बहिणीच्या डोळ्यांसाठी ठेवला होता आणि एक्झिक्युटर म्हणून पुतणीचं नाव घातलं होतं. बहीण म्हणजे कमळाबाई. नवरा गेल्यापासून तिने भावाचं घर सांभाळलं होतं. दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू इतके पिकले होते की माणसं ती आता खोकल्यावरून ओळखायची.

भाईंदर पश्चिमेच्या शाखेत निशिगंधा मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र आणि आपलं आधार घेऊन गेली. रुचिता मॅडम नावाच्या अधिकारी होत्या. आवाज मृदू, नजर पडद्यावर.

"दाव्याच्या अर्जात रक्कम लिहा."

"खात्यात किती आहे ते तुम्हालाच माहीत."

"हो. पण ते तुम्ही आम्हाला कळवायचं असतं. स्टेटमेंट बघून लिहा."

"मग स्टेटमेंट द्या."

"ते फक्त खातेदाराच्या संमतीने मिळतं. गोपनीयता असते ना."

"खातेदार वारलेत, मॅडम. दाखला तुमच्या हातात आहे."

"वाईट झालं," मॅडम मनापासून म्हणाल्या. "त्यांची संमती तेवढी घेऊन या. आणि लाभार्थीची व्हिडिओवर ओळख पटवून घ्या. घरबसल्या होते, सीनियर सिटिझन्सच्या सोयीसाठीच काढलंय."

सोय त्याच संध्याकाळी सुरू झाली. फोनवर हिरवा गोल आला. गोलात चेहरा धरा, डोळे मिचकवा, मान डावीकडे, मान उजवीकडे.

"गोल कुठं हाय?"

"समोर, आत्या."

"समोर तर धुकं हाय, बाय."

कमळाबाईने अंदाजाने डोळे मिचकवले तेव्हा यंत्र मान वळवायला सांगत होतं. मान वळवली ती दूधवाल्याच्या खोकल्याकडे. तिसऱ्या प्रयत्नानंतर यंत्राने तिला संशयास्पद ठरवून कुलूप लावलं.

निशिगंधा पुन्हा शाखेत गेली. "आत्याला दिसत नाही, म्हणून ओळख पटत नाही."

"मग आधी ऑपरेशन करून घ्या."

"त्यासाठीच तर पैसे हवेत."

"मग पैसे मिळाल्यावर करा," मॅडम म्हणाल्या. दोन्ही सल्ले त्यांनी सारख्याच आपुलकीने दिले. "काकांच्या संमतीचं काय झालं?"

सहसा निशिगंधाच्या तोंडून अप्रमाणित विधान निघत नसे. त्या दिवशी निघालं. "दिली की. दहाव्याला. कागद काढते म्हटल्यावर कावळा शिवला."

रुचिता मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पडद्यावर 'संमतीचे माध्यम' हा रकाना उघडला. स्वतः, पालक, मुखत्यार, इतर. त्यांनी 'इतर' निवडलं. "व्हिडिओ आहे?"

व्हिडिओ अख्ख्या मुर्ध्याकडे होता. मॅडमनी तो यंत्राला दिला. कावळा थेट कॅमेऱ्याकडे पाहत होता. त्याने डोळे मिचकवले. केसचं आश्वासन येताच मान डावीकडे, वकिलाची फी येताच उजवीकडे. पडद्यावर हिरवी खूण उमटली. ओळख पटली, अठ्ठ्याण्णव टक्के.

"कोणाशी पटली?" निशिगंधाने विचारलं.

"ते सिस्टीम सांगत नाही. बघा, पहिल्या प्रयत्नात झालं. आत्यांना हा व्हिडिओ दाखवा, त्यांना जमेल."

"दाखवते. दिसायला लागलं की."

"आता स्टेटमेंट प्रतिनिधीच्या हाती दिलं जाईल. पोचपावतीवर सही किंवा अंगठा."

"कावळ्याचा अंगठा?"

मॅडमनी परिपत्रक चाळलं. "पंजा चालेल."

दुसऱ्या दिवशी बँकेचा शिपाई महिपत पाकीट आणि शाईचं पॅड घेऊन खाडीवर आला. चिंचेवर चौदा कावळे होते.

"यातला आपला कुठला?" त्याने आत्मारामला विचारलं.

"काला."

"सगळेच काळे आहेत, शेठ."

"मग ज्याला घ्यायचं त्याला घेऊ दे. आमची ना न्हाय."

"तसं नाही चालत. चुकीच्या माणसाला दिलं तर माझ्या पगारातून जातं." महिपतने पाकीट दगडावर ठेवलं, पुढे पॅड, त्यापुढे पोचपावती, आणि तो अदबीने दोन पावलं मागे सरला.

एकही कावळा आला नाही. आत्मारामने सवयीने केस मागं घ्यायला सुरुवात केली. निशिगंधाने त्याला थांबवलं, घरून आणलेला डबा उघडला आणि एक तळलेला बोंबील पाकिटावर ठेवला. यावेळी तिला निरीक्षण नव्हे, प्रयोग करायचा होता. कावळा उतरला, पॅड तुडवून पावतीवरून चालत गेला आणि बोंबील घेऊन उडाला.

"दोन पंजे उमटले," महिपत पावती उन्हात धरून म्हणाला. "एकाच सहीचा नियम आहे." त्याने दुसऱ्या पंज्याखाली 'दुबार, चुकून' असं लिहिलं आणि पाकीट निशिगंधाच्या हातात दिलं.

स्टेटमेंटनुसार खात्यात दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनपुरते पैसे होते. निशिगंधाने ती रक्कम अर्जात लिहून बँकेला कळवली. बँकेने ती आपल्याकडच्या आकड्याशी ताडून पाहिली, बरोबर असल्याबद्दल तिचं अभिनंदन केलं आणि त्या रकमेतून मृत खात्याचा देखभाल आकार, प्रतिनिधी पडताळणी आकार आणि खाडीपर्यंतचा घरपोच सेवा आकार वजा केला. लाभार्थीची ओळख पटलेली नसल्याने उरलेले पैसे तिच्या हाती न देता थेट इस्पितळात गेले. ते एका डोळ्याचे होते.

उजवा डोळा झाला. पट्टी निघाली तेव्हा कमळाबाईने सगळ्यात आधी लेकीसारख्या वाढवलेल्या भाचीकडे नीट पाहिलं. "अगं, वाळलीस किती," ती म्हणाली. "बँकेनं खाल्लं का तुला?"

लाभार्थीची ओळख पटल्याशिवाय रिकामं खातं बंद होणार नव्हतं आणि उघडं राहिलं तर देखभाल आकार चढणार होता. म्हणून दोघी शाखेत आल्या. कमळाबाईने चेहरा गोलात अचूक धरला, डोळे मिचकवले, मान वळवली. लाल खूण आली.

"छायाचित्राशी जुळत नाही," रुचिता मॅडम म्हणाल्या. "आधारवर उजवा डोळा पांढरा आहे. आता काळा दिसतोय."

"ऑपरेशन झालं ना, मॅडम," निशिगंधा म्हणाली.

"ते दिसतंय. पण तो पूर्वीसारखा करून आणता येईल का? एक दिवसापुरता?"

"डोला चांगला झालाय, पोरी," कमळाबाई म्हणाली. "तुला खोटं वाटत आसंल तर तुज्या मागचा फळा वाचून दाखवू?"

दोघींच्या मागे रांग दारापर्यंत गेली होती. तुमच्याआमच्यासारखीच माणसं फोन तोंडासमोर धरून डोळे मिचकवत होती, मान डावीकडे, मान उजवीकडे. कमळाबाईने डावा डोळा हाताने झाकला आणि उजव्याने मॅडमच्या मागच्या फळ्यावरचा शाखेचा मासिक अहवाल, एक अक्षर न चुकता, मोठ्याने वाचला.

"पहिल्या प्रयत्नात ओळख पटलेले. माणसे, दोनशे बारापैकी सत्त्याऐंशी. इतर, एकापैकी एक."