पाठीला दोन हात

ज्याने चाळीस वर्षं लोकांच्या भिंती आरशासारख्या गुळगुळीत केल्या, त्याला स्वतःची वीतभर पाठ काय जड आहे? असं रंगारीकाकांनी स्वतःलाच विचारलं, कारण विचारायला घरात दुसरं कोणी नव्हतं. उन्हाळ्याने कहर केला होता आणि काकांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मधोमध, घामोळं तरारून आलं होतं. म्हणजे नेमकं जिथे माणसाचा स्वतःचा हात पोहोचत नाही तिथेच.

डॉक्टरचं तोंड बघणं काकांना मंजूर नव्हतं. ते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानातल्या ताईने गुलाबी औषधाची बाटली दिली, पातळसा थर लावायला सांगितलं, घासू नका, अंग कोरडं ठेवा, सैल सुती कपडे घाला असंही बजावलं. मग सहज विचारलं, "लावायला घरी कोणी आहे ना?"

"बायको आहे की," काका म्हणाले.

बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती. पण नाही म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जी कीव येते, ती काकांना घामोळ्यापेक्षा जास्त चावायची. म्हणून ते दूधवाल्याकडेही अजून दोन माणसांचं दूध घेत आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी नासवत.

घरी येऊन त्यांनी काम रीतसर काढलं. कुठल्याही रंगाऱ्याला विचारा, आधी जागा तयार करावी लागते. म्हणून त्यांनी खरखरीत पंचा दोन्ही हातांत धरून पाठ अशी घासली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग ट्रेमध्ये औषध ओतलं, लांब दांडीचा छोटा रोलर त्यात बुडवला आणि कपाटाच्या आरशाकडे पाठ करून पहिला हात मारला. गार वाटलं. काका खूश झाले. पण मान वळवून बघतात तो, फुटकुळ्या वरून दिसतच होत्या. उंचसखल भिंतीवर नुसता रंग चढवणारा माणूस काकांनी जन्मात कामावर ठेवला नव्हता. त्यांनी पावडरचा अख्खा डबा औषधात कालवला, छान पुट्टी केली, ती पाठीवर ओढली आणि वर दुसरा हात दिला. मग खुर्चीवर उलटे बसून पंखा पूर्ण सोडला.

तासाभराने पाठ खणखणीत वाळली. काकांना ना वाकता येईना, ना खांदे हलवता येईनात. आतून घामाला वाट नव्हती, त्यामुळे आगीचा नुसता डोंब उसळला. तेवढ्यात शिंक आली आणि पाठीला मानेपासून कमरेपर्यंत तडा गेला.

शर्ट कसाबसा अडकवून ते ताठच्या ताठ जिना उतरले. मागे पायरी-पायरीवर पोपडे पडत होते. खालच्या मजल्यावरच्या शिक्षकांनी विचारलं, कुठे काम चाललंय का? चाललंय एका ठिकाणी, असं सांगून काका सटकले.

दुकानात ताईने शर्ट वर करून पाहिलं आणि ती चांगलीच भडकली. "कोणी केलं हे? मी पातळ थर म्हटलं होतं. आणि आधी घासलंय वर! तुमच्या बायकोला जरा अक्कल आहे की नाही? पाठवा त्यांना इकडे, मी बोलते."

मागे तीन गिऱ्हाइकं उभी होती. काकांना फक्त मान डोलवायची होती, की प्रकरण मिटलं असतं. बायको घरी राहिली असती, दूध दोन माणसांचं राहिलं असतं. पण दोष जात होता तिच्यावर, जिने जन्मभर काकांच्या पाठीला तेल लावलं आणि कधी नख म्हणून लागू दिलं नाही. काकांना ते सोसवेना.

"तिला काही बोलू नका," ते म्हणाले. "तिचा हात फार हलका होता. हे गचाळ काम माझं आहे. घरात मी एकटाच असतो."

ताईने गिऱ्हाइकांना थांबायला सांगितलं, काकांना आत स्टुलावर बसवलं आणि कापसाचा ओला बोळा पाठीवर ठेवून हळूहळू एकेक पोपडा सोडवू लागली. दोन वर्षांत त्या पाठीला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. काकांचे डोळे घळाघळा वाहू लागले.

"झोंबतंय का काका?"

"हो. फार झोंबतंय."

ताईने हातातला बोळा पाहिला. "अहो, साधं पाणी आहे हे."

"असेल," नाक ओढत काका म्हणाले. "माझी कातडीच पहिल्यापासून जरा नाजूक आहे."